नोराचं घर हौशी मंडळींत उभं करताना

नॉर्वेजियन नाटककार इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’ हे नाटक १८७९चं. नाटक बसवताना मी आधी दाराकडे बघते. शेवटी नायिका नोरा नवऱ्याचं घर सोडते आणि खालून दार आपटल्याचा आवाज येतो. तो फुसका निघाला की तीन अंकांची मेहनत पाण्यात! रंगमंचावरच्या कापडी भिंतीतलं दार आपटलंत, तर अख्खं घर हलतं. त्यापेक्षा विंगेमागे जड लाकडी दार भक्कम चौकटीत बसवा आणि आपटायला एकच माणूस नेमा. आमच्या पहिल्या प्रयोगात दोघांनी आपटलं होतं. दोनदा.

नटांचं म्हणाल, तर नोरा आणि तिचा नवरा टोरवाल्ड यांचा संसार आठ वर्षांचा आहे, आणि आपले दोघे ओळखतात जेमतेम आठ दिवस. म्हणून पहिले काही दिवस संवाद बाजूला ठेवून त्यांना नुसतं घर आवरायला लावा. कोट कोण घेतं, दिवा कोण लावतं, हे अंगात मुरू दे. टोरवाल्डला खलनायक करू नका. तो स्वतःला प्रेमळच समजतो, भीती तिथेच आहे.

नोरा चोरून मॅकरून (बदामाची गोड बिस्किटं) खाते. तालमीपासून खरा खाऊ द्या, पण मऊसर. कोरडा घशात अडकला की पुढचं वाक्य गेलंच.

नाटकात नोराची मुलं तीन आहेत. त्यांना तालमीला उशिरा बोलवा, नाहीतर कंटाळतात. आणि खाऊचा डबा त्यांच्यापासून लपवा.