स्टीलचा डबा, इन्सुलिनची सिरिंज आणि बाष्प ओळखणारा पापुद्रा

मी नाशिकच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन शिकवते. प्रोजेक्टचे विषय ठरायच्या दिवसांत एखादा तरी गट 'वास ओळखणारं यंत्र' घेऊन येतोच, आणि हातात बहुधा एमक्यू-३, म्हणजे अल्कोहोलचं बाष्प ओळखणारा तयार सेन्सर असतो. तो वाईट नाही. पण त्यातला टिन ऑक्साइडचा थर तापवावा लागतो, नुसता हीटरच पाऊण वॅटच्या आसपास खातो, आणि जाळीच्या आत काय चाललंय ते मुलांना कधीच कळत नाही. पॉलिमरचा सेन्सर मात्र हातानं बनवता येतो आणि खोलीच्या तापमानालाच चालतो. बनवणं सोपं आहे. अवघड आहे ते त्याचं म्हणणं खरं की खोटं हे ठरवणं, म्हणून खाली डब्यातल्या चाचणीवरच जास्त लिहिलंय.

तत्त्व थोडक्यात सांगते. वीज न वाहणाऱ्या पॉलिमरमध्ये वाहक कार्बनची पूड मिसळून पातळ पापुद्रा करायचा. कार्बनचे कण एकमेकांना टेकतात आणि त्यांच्यातून विजेला वाट मिळते. बाष्प पॉलिमरमध्ये मुरलं की पापुद्रा भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखा फुगतो, कण लांब जातात, रोध वाढतो. बाष्प उडून गेलं की रोध पुन्हा खाली येतो. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये नेथन लुईस यांच्या गटानं ही पद्धत पुढे आणली. त्याआधी, १९६४ मध्ये, विल्यम किंग यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकावर थर देऊन बाष्पाच्या वजनानं बदलणारी कंपनसंख्या मोजली होती. तीही सुंदर युक्ती आहे, पण तिला चांगला ऑसिलेटर, म्हणजे कंपनं चालू ठेवणारं सर्किट लागतं. आपल्याला रोध मोजता आला की पुरे.

सामान

तीन पॉलिमर घ्या. पॉलिव्हिनाइल ॲसिटेट ॲसिटोनमध्ये विरघळतं आणि अल्कोहोलसारख्या बाष्पांना चांगली दाद देतं. पॉलिआयसोब्युटिलीन हेप्टेनमध्ये विरघळतं. त्याला पेट्रोल, थिनर अशा तेलकट बाष्पांची ओढ. तिसरं पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळणारं. ते पाणी हावऱ्यासारखं पितं आणि आपण ते मुद्दाम त्यासाठीच ठेवणार आहोत. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्यांकडे तिन्ही मागवता येतात. सुताराचा पांढरा गोंद पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचाच असतो, पण तो पाण्यातलं दुधाळ मिश्रण आहे आणि ते टिकवायला घातलेली द्रव्यं ओलावा धरतात. तो नको.

कार्बन म्हणजे विद्युतवाहक कार्बन ब्लॅक. दिव्याची काजळी चालत नाही. ही पूड हवेत फार उडते, वजन करताना मास्क लावा आणि पंखा बंद ठेवा. द्रावकं ओतताना मात्र खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास गॅस किंवा सोल्डरिंग गन नको. आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तेच. एमजी रोडच्या बाजूला सहज मिळतं.

इलेक्ट्रोड म्हणजे दोन कंगवे दातात दात घालून ठेवल्यासारखी पीसीबीवरची (छापील सर्किटच्या बोर्डावरची) तांब्याची नक्षी. दोन रेषांमधली फट ०.३ मिमी ठेवा, कोणताही पीसीबीवाला करून देतो. पैसे वाचवायला उघडं तांबं ठेवू नका, सोन्याचा मुलामा सांगा. आपल्याकडे द्राक्षाच्या पेट्यांत सोडियम मेटाबायसल्फाइटचे कागद घालतात आणि त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. अशा हवेत उघडं तांबं खराब होतं आणि मग आपण पॉलिमर मोजतोय की गंज, हेच कळत नाही.

पापुद्रा

प्रत्येक पॉलिमरचं वेगळं मिश्रण आणि त्याची वेगळी पट्टी, म्हणजे पापुद्रा लावलेला पीसीबीचा तुकडा. प्रमाण असं: २० मिली द्रावकात १६० मिग्रॅ पॉलिमर पूर्ण विरघळू द्या, मग ४० मिग्रॅ कार्बन घाला. म्हणजे सुकल्यावर वजनाच्या २० टक्के कार्बन. याहून फार कमी केलात तर कणांची साखळीच तुटते आणि मल्टिमीटर काही दाखवत नाही. फार वाढवलात तर वीज छान वाहते, पण फुगण्याचा परिणाम मंदावतो.

हातानं ढवळून कार्बनच्या गाठी सुटत नाहीत. कॉलेजात अल्ट्रासॉनिक बाथ नसेल तर सराफ बाजारातल्या ओळखीच्या कारागिराला विचारा. दागिने धुवायला त्यांच्याकडे तसलंच मशीन असतं. टाकीत पाणी भरा आणि मिश्रण घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत घालून त्यात बुडवा. द्रावक थेट टाकीत ओतायचं नाही, ते पेट घेतं.

मग ड्रॉपरनं कंगव्यावर एक थेंब टाका, सुकू द्या, मल्टिमीटर लावा. रोध १ ते १०० किलोओहमच्या मध्ये आला की थांबा, नाहीतर आणखी एक थेंब. इथं मुलांचा हात थांबत नाही. पण थर दुप्पट जाड झाला की बाष्प आत मुरायला साधारण चौपट वेळ लागतो, म्हणून पातळ तोच चांगला. रात्रभर सुकवा. द्रावकाचा अंश राहिला तर रोध नुसताच सरकत राहतो.

मोजणी

सेन्सरच्या रोधाइतकाच स्थिर रोध मालिकेत जोडून मधला व्होल्टेज वाचणं ही सगळ्यांची पहिली कल्पना. आता हिशेब करा. रोध १ टक्का वाढला तर ५ व्होल्टवर मधला व्होल्टेज जेमतेम १२.५ मिलिव्होल्टनं बदलतो. आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या १० बिटच्या एडीसीची (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाची) एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे सगळा खेळ अडीच पायऱ्यांत आटोपला. एडीएस१११५ हा १६ बिटच्या एडीसीचा स्वस्त मॉड्यूल लावा. चार रोधांचा व्हीटस्टन ब्रिज (दोन जोड्यांमधल्या व्होल्टेजचा फक्त फरक दाखवणारी जोडणी) करून मॉड्यूलच्या सर्वांत लहान व्होल्टेज-मर्यादेवर वाचलंत तर तोच १ टक्का दीड हजाराहून जास्त पायऱ्यांत दिसतो. वहीत मात्र व्होल्टेज नाही, रोधातला बदल भागिले मूळ रोध हा आकडा लिहा. दोन पट्ट्यांची तुलना त्याच्यावरच होते.

डबा

भांडी बाजारातून घट्ट झाकणाचा, साधारण २० लिटरचा स्टीलचा डबा आणा. प्लास्टिकचा नको, प्लास्टिक स्वतःच पॉलिमर असल्यामुळे ते बाष्प पितं आणि नंतर हळूहळू परत सोडत बसतं. दुकानदारानं सांगितलेल्या लिटरवर विसंबू नका. मापानं पाणी भरून खरं आकारमान काढा आणि डबा कोरडा करा. आत संगणकाचा छोटा पंखा, तापमान-आर्द्रतेचा सेन्सर आणि आपल्या तीन पट्ट्या. (तो आर्द्रतेचा तयार सेन्सरही बहुतेक वेळा पॉलिमरचा थरच असतो, फक्त त्यात रोधाऐवजी धारकता (कपॅसिटन्स) मोजतात. मुलांना हे सांगितलं की त्यांचा आपल्या पापुद्र्यावरचा विश्वास वाढतो.)

बाष्पाचं माप घ्यायला इन्सुलिनची लाल टोपीची यू-४० सिरिंज वापरा. तिच्यात ४० युनिट म्हणजे १ मिली, म्हणून ४ युनिट म्हणजे १०० मायक्रोलिटर. केशरी टोपीची यू-१०० असेल तर त्यासाठी १० युनिट लागतात. झाकणाच्या भोकातून आतल्या गाळणकागदावर १०० मायक्रोलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा आणि भोक टेपनं बंद करा.

किती पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत बाष्पाचे किती भाग) झालं? मायक्रोलिटर गुणिले घनता भागिले रेणुभार, म्हणजे १०० × ०.७८५ ÷ ६०.१ = १.३१ मिलिमोल. पुस्तकात २५ अंशांना एका मोलचं आकारमान २४.४५ लिटर दिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब कमी, त्यामुळे इथं ते साधारण २६.३ लिटर धरा. १.३१ × २६.३ = ३४.४ मिली बाष्प, २० लिटरमध्ये सुमारे १,७०० पीपीएम. मुंबईच्या आकड्यानं गणित केलंत तर सात टक्क्यांचा फरक पडतो. हे प्रमाण पेट घेण्याच्या २ टक्के मर्यादेच्या बरंच खाली आहे, पण श्वासासाठी चांगलं नाही. डबा खिडकीशी उघडा आणि तोंड बाजूला ठेवा.

आता क्रम. आधी रिकाम्या डब्यात रोधाच्या आलेखाची रेषा सपाट होईपर्यंत थांबा. मग अल्कोहोल नाही, पाणी टाका: ५० मायक्रोलिटर. एवढ्या डब्यात २५ अंशांना त्यानं आर्द्रता सुमारे ११ टक्क्यांनी चढते. तिन्ही पट्ट्या काय करतात ते लिहून ठेवा, डबा हवेशीर करा आणि त्यानंतरच अल्कोहोल. शेवटी दोन्ही एकत्र. पाण्याची ओळ वहीत नसेल तर मी पुढचं पान तपासतच नाही. 'अल्कोहोल ओळखलं' म्हणून दाखवलेल्या आलेखात पुष्कळदा फुंकरीतला दमटपणा असतो.

सुरुवात दरवेळी सारख्या कोरडेपणातून व्हावी म्हणून डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, पण बाष्प सोडायच्या आधी ती आठवणीनं बाहेर काढा. ती अल्कोहोलही शोषते.

ऋतूचंही भान हवं. पॉलिव्हिनाइल ॲसिटेट ३० ते ४० अंशांच्या आसपास कडकपणा सोडून मऊ होतं. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत ही पट्टी आळशी होते, एप्रिलच्या दुपारी तीच चटकन वर जाते. श्रावणात पायरोलिडोनची पट्टी आधीच तुडुंब प्यालेली असते. म्हणून प्रत्येक नोंदीशेजारी तापमान आणि आर्द्रता लिहा.

कुठं लावू नये

एका विद्यार्थ्याचे वडील कांदा उत्पादक आहेत. त्यांनी विचारलं, "ताई, चाळीत कांदा सडायला लागला की हे आधी सांगेल का?" मी त्यांना म्हटलं, चाळीत टांगून नाही. वारा, धूळ, ओल, सगळंच बदलतं आणि सेन्सर ओलच सांगत बसेल. पण घरी करून बघण्यासारखं आहे: एका डब्यात किलोभर चांगला कांदा, दुसऱ्यात तेवढाच कांदा पण त्यात एक सडका. पाणी दोन्हीकडे सुटेल. ते वजा केल्यावरही तिन्ही पट्ट्यांच्या प्रतिसादाचं आपसातलं प्रमाण वेगळं दिसलं तर पुढे जाण्यात अर्थ आहे.

वायनरीत तर याच्यावर जीव टाकू नका. द्राक्षरस आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो जड असल्यानं टाकीच्या तळाशी साचतो आणि माणूस मारतो. फुगणाऱ्या पापुद्र्यात तो नगण्य मुरतो. स्वयंपाकाच्या गॅसचंही तेच. साधा नियम असा की द्रव जितका उशिरा उकळतो तितकं त्याचं बाष्प पॉलिमरमध्ये जास्त मुरतं, आणि हे वायू तर खोलीच्या तापमानाच्या कितीतरी खालीच उकळतात. शीतगृहातल्या अमोनियासाठी पॉलिॲनिलिन हे वेगळं पॉलिमर आहे. त्यात फुगणं नसून रासायनिक क्रिया होते, हिरवा थर निळा पडतो आणि रोध वाढतो. पण ॲनिलिन विषारी, ते घरी नकोच. गळतीच्या अलार्मसाठी प्रमाणित यंत्रच लावायचं.

पट्टीच्या मागे मार्करनं पॉलिमरचं नाव, तारीख आणि पहिल्या दिवशीचा रोध लिहा. तो रोध दीडपट झाला की पट्टी बाद. उरलेलं मिश्रण घट्ट बुचाच्या बाटलीत टिकतं, पण कार्बन तळाशी बसतो. नवी पट्टी करण्याआधी बाटली पुन्हा अल्ट्रासॉनिकमध्ये धरा, नाहीतर वरचा थेंब नुसत्या पॉलिमरचा येईल.