लॉक कुठं अडतोय, ते कसं मोजायचं

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा सौदा निघाला की नोंदी एकदमच येतात, असं धरा. सर्व्हर चार, पण सगळ्यांना हवी डेटाबेसमधली एकच ओळ: पावती क्रमांकाची. ती एका वेळी एकालाच मिळावी म्हणून तिच्यावर कुलूप, म्हणजे लॉक, लागतो. सीपीयू निवांत आणि पावती निघेना, असं दिसलं की लॉकवर संशय घ्या.

दोन वेळा वेगळ्या मोजा. लॉक मागितल्यापासून मिळेपर्यंतची वाट, आणि मिळाल्यापासून सोडेपर्यंतचा ताबा. दोन्ही त्याच मशीनच्या मोनोटॉनिक, म्हणजे कधीच मागं न जाणाऱ्या, घड्याळावर. एका सर्व्हरची वेळ दुसऱ्याच्या वेळेतून वजा केली तर उत्तर कधी उणेसुद्धा येतं. सरासरी काढून थांबू नका, ९९ वा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या ९९ वाटा ज्याच्या आत बसतात तो आकडा, बघाच. खिडकीशी ताटकळलेला शेतकरी त्या शेवटच्या टक्क्यातलाच असतो.

ताबा २० मिलिसेकंदांचा असेल तर त्या ओळीवर सेकंदाला ५० च्या वर नोंदी होणारच नाहीत, सर्व्हर कितीही वाढवा. ही मर्यादा आधी काढा, मग १, २, ४, ८, १६ वर्कर, म्हणजे एकाच वेळी नोंदी करणाऱ्या प्रक्रिया, लावून तपासा. थ्रूपुट (सेकंदाला होणाऱ्या नोंदी) वाढायचं थांबलं आणि वाट वाढतच चालली, तर दुखणं तिथंच.

डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर त्यात लॉक वेटचं लॉगिंग, म्हणजे लॉकसाठी लागलेल्या वाटेची नोंद, चालू करा. डेडलॉक टाइमआउट (किती वाट झाल्यावर लॉक एकमेकांत अडकलेत का ते तपासायचं, ती वेळ) मुळात १ सेकंद असतो आणि त्याहून छोटी वाट लॉगमध्ये येत नाही, म्हणून चाचणीपुरता तो १०० मिलिसेकंद ठेवा. बरेचदा ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के होणारे बदल) उघडं ठेवून एसएमएस पाठवणं सापडतं. ते कमिटनंतर, म्हणजे बदल पक्के होऊन लॉक सुटल्यावर, न्या.

लॉक रेडिसमध्ये (मेमरीत डेटा ठेवणाऱ्या सर्व्हरमध्ये) ठेवला असेल आणि त्याला मुदत लावलेली असेल तर ताबा मुदतीपुढं गेला की लॉक दुसऱ्यालाही मिळतो आणि एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या फाटतात. प्रत्येक ताब्याला (पावतीच्या क्रमांकाहून वेगळा) चढता क्रमांक द्या, जुन्या ताबा-क्रमांकाचं लिखाण डेटाबेसनं नाकारावं.