मैदान वाचवायला निघालात? आधी या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी एक फोन येतोच. "काका, मैदानावर पत्रे लागलेत. बेकायदा बांधकाम चाललंय. उद्या मोर्चा आहे, तुम्ही या." मी विचारतो, "कामाच्या जागेवरचा माहितीफलक वाचलात का?" पलीकडे शांतता. मग, "कसला फलक?"

मुंबईतल्या जुन्या मैदानांच्या भांडणात माझी वीसेक वर्षं गेली. माणसं बदलतात, चुका त्याच राहतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

परवानगी न वाचताच 'विनापरवाना' म्हणणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती मी स्वतः केलेली आहे. मैदानाचं नाव सांगत नाही. वारसा यादीतलं जुनं मैदान, एका टोकाला लाकडी खांबांचं कौलारू पॅव्हेलियन. एका रविवारी सकाळी त्याच्याभोवती पत्रे उभे राहिले. मंगळवारी आम्ही साठ-सत्तर जण बॅनर घेऊन वॉर्ड ऑफिसात. तिथल्या अभियंत्याने शांतपणे खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि परवानगीचं पत्र समोर ठेवलं. तारीख, सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. आमच्यातल्याच एका उत्साही गृहस्थांनी पत्रकार बोलावून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी बातमी आली, रहिवाशांचा आरोप निराधार.

ती परवानगी कशाची होती, हे मात्र आम्ही त्या दिवशी वाचलंच नाही. होती दुरुस्तीची: कौलं, वासे, फरशी. प्रत्यक्षात मागच्या बाजूला नव्या गॅलरीसाठी आरसीसीचे कॉलम उभे राहत होते, आणि वारसा समितीपुढे गेलेल्या नकाशात गॅलरीचा पत्ताच नव्हता. म्हणजे आम्ही बरोबर होतो, शब्द चुकला होता. म्हणायला हवं होतं 'परवानगीबाहेरचं आणि समितीने न पाहिलेलं काम'. हे उमगून नवा अर्ज जाईपर्यंत पाच आठवडे गेले, तोवर स्लॅब टाकून झाला. उभं राहिलेलं पाडून घेणं फार कठीण. गॅलरी आजही आहे. मे महिन्यात तिच्या सावलीत मीही बसतो, चरफडत.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला. आधी फलकाचा फोटो, त्यावरून फाइल नंबर. मग मंजूर नकाशा. मग नकाशा हातात घेऊन मैदानावर एक फेरी. तोंड उघडायचं ते त्यानंतर. आणि माळ्याला विचारायचंच. ट्रक कधी आले, खड्डा किती खोल गेला, रात्री काम चालतं का, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आपले सुशिक्षित रहिवासी त्याला कधी विचारत नाहीत, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

फोटो काढताना शेजारी एक स्टंप रोवा. जमिनीवर २८ इंच राहील इतका. कॉलमची उंची, चराची रुंदी, कशावरच मग वाद राहत नाही. रोज त्याच जागेवरून, त्याच वेळी काढा. क्रिकेटच्या मैदानावर स्टंप शोधावा लागत नाही.

'वारसा यादीत आहे ना, मग झालं'

झालं नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, पण यादीतल्या वास्तूंना महत्त्वानुसार श्रेणी असतात, आणि श्रेणी १ (सर्वात वरची) आणि श्रेणी ३ यांना मिळणारं संरक्षण सारखं नाही. कुठलं काम समितीकडे जायला हवं, हे श्रेणीवर आणि कामाच्या स्वरूपावर ठरतं. शिवाय समिती सल्ला देते, निर्णय महापालिका आयुक्तांचा. अपवाद म्हणून आयुक्त तो सल्ला बाजूला ठेवू शकतात, पण त्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात. ती कारणं मागा. 'समितीला डावललं' असं ओरडण्यापेक्षा 'कारणांची नोंद दाखवा' हा अर्ज जास्त बोचतो.

माहिती अधिकारात 'का?' विचारणं

"आपण ऐतिहासिक मैदानाचा गळा का घोटत आहात?" असा अर्ज मी खरोखर पाहिला आहे. उत्तर आलं: प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. बरोबरच आलं. कागदावर जे आहे ते मिळतं, कुणाच्या मनातलं नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द ही मर्यादा आहे, तेव्हा निबंध घरीच ठेवा. परवानगीची प्रत, नकाशे, समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, एवढं मागा. उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि ठेकेदार ३० दिवस हात बांधून बसत नाही. म्हणून मी फाइल प्रत्यक्ष पाहायची मागणी त्याच अर्जात घालतो. फाइल उलटताना आपण न मागितलेलं पानच कामाचं निघतं.

ऑनलाइन सह्यांवर विसंबणं

दहा हजार सह्या झाल्या म्हणून पेढे वाटणारे पाहिलेत. विकास आराखड्यात (कुठली जागा कशासाठी, हे त्यात ठरलेलं असतं) फेरबदल करायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतींना एक महिना मिळतो. त्या महिन्यात नाव-पत्ता-सहीची, आवक शिक्क्याची हरकत गेली नाही, तर तुमचे दहा हजार मोबाइलमध्येच राहतात. एकाच मजकुराच्या पाचशे प्रतीही नकोत, त्यांना एकच उत्तर येतं. चाळीस माणसांना चाळीस कारणं लिहायला लावा. नेट्सवाला नेट्सचं लिहील, मल्लखांबवाला मल्लखांबाचं.

हिरवं म्हणजे मोकळं असं समजणं

१८८३ पासूनच्या महालक्ष्मी रेसकोर्सचं पाहा. २०२४ च्या जानेवारीत रेसकोर्स चालवणाऱ्या टर्फ क्लबच्या सभासदांनी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानाला द्यायच्या बाजूने कौल दिला. लोक खूश. मग जमिनीखाली क्रीडासंकुल, वाहनतळ असल्या कल्पना पुढे आल्या. वर गवत असलं तरी खाली खोदलेलं बांधकामच. नकाशा मागताना तळघराचा छेद (उभा कापून दाखवलेला नकाशा) वेगळा मागा.

आता भराभर.

आवाज, पार्किंग, फेरीवाले आणि बांधकाम एकाच अर्जात कोंबू नका. शिवाजी पार्कचा शांतता क्षेत्राचा लढा २०१० मध्ये उच्च न्यायालयात फळला, तो आवाजाच्या एका मुद्द्यावर.

कोर्टात उशिरा जाऊ नका. काम निम्मं झाल्यावर गेलात की पहिला प्रश्न येतो, इतके दिवस कुठे होतात?

नगरसेवकाला सोबत घ्या, पुढे करू नका.

"ओव्हलवाल्यांनी केलं, आपणही करू" म्हणणाऱ्या तरुणांना एकच सांगतो. दक्षिण मुंबईतल्या ओव्हल मैदानाजवळचे रहिवासी नव्वदच्या दशकात कोर्टात गेले, मग ते २२ एकर मैदान स्वतः सांभाळत बसले. २०१८ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आलं. मधल्या काळात कुणी रील केले नव्हते.

परवा पुन्हा फोन आला. मुलगा सोळा-सतराचा असेल, ऑफस्पिनर. "काका, पत्रे लागलेत." मी विचारायच्या आधीच म्हणाला, "फलकाचा फोटो पाठवलाय. पण फाइल नंबरवर चिखल उडालाय."

म्हटलं, फडकं घेऊन जा.