जुनी फियाट घरच्या अंगणात पुन्हा चालती करताना: आधी ब्रेक, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी

आमची गाडी १९७० सालची. कागदावर 'फियाट ११०० डिलाइट', घरात नुसती 'फियाट'. अकरा वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती. तिला पुन्हा रस्त्यावर आणायला मला दोन वर्षांचे शनिवार-रविवार लागले, आणि त्यातले पहिले चार महिने मी नको त्या क्रमाने काम केल्यामुळे वाया गेले. मी आधी क्रोम चमकवला, सीट शिवून घेतल्या, आणि मग खालचा पत्रा गेलेला सापडला. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त भर क्रमावर आहे. गाडी आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे, मग दिसली पाहिजे.

ही गाडी घरी शिकायला फार चांगली. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात 'डिलाइट' १९६४पासून बनू लागली. तीच पुढे 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, एक सोलेक्स कार्बोरेटर, आणि कुठेही संगणक नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर २०२३पर्यंत मुंबईत धावत होती, त्यामुळे कुर्ला, चोरबाजार किंवा पुण्यात नाना पेठेत विचारत फिरलात तर बरेच पार्ट अजून हाती लागतात. तुमच्याकडे ॲम्बेसेडर किंवा स्टँडर्ड हेराल्ड अशी त्या काळची दुसरी गाडी असेल तर आकडे बदलतील, क्रम हाच राहील.

पाना उचलण्याआधी कागद

आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवून बघा. जुळत नसतील तर पैसे खर्च करण्याआधी तो गुंता सोडवा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीसाठी २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणी मिळते: शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर नूतनीकरणाला ५,००० रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. ज्याला रविवारी सकाळी आईला देवळात न्यायचं आहे त्याने साधी नोंदणीच ठेवावी आणि दर ५ वर्षांनी आरटीओत तपासणी करून नूतनीकरण करावं. मी तेच केलं.

मूळचं काढून दुसरं काही गाडीवर बसवण्याचा मोह पहिल्या महिन्यातच होतो. दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन, चौड्या रिमा, खाली फर्शीवर गिअर... हे सगळं एकदा झालं की मूळ गाडी परत मिळत नाही. काढलेला प्रत्येक मूळ भाग, तुटका असला तरी, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवा.

टोचा घेऊन गाडीखाली

गाडी जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. चार मजबूत लोखंडी घोडे (ॲक्सल स्टँड) घ्या, कठीण सपाट जमिनीवर ठेवा आणि गाडी हलवून बघूनच खाली शिरा.

या फियाटला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. पत्र्याची पेटी हीच तिची चासी. त्यामुळे फर्शीचा पत्रा, दाराखालची सिल, मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) जिथे बांधणी आहे ती जागा आणि समोरच्या सस्पेन्शनच्या वरचा भाग, इथला गंज म्हणजे गाडीचं हाड पोखरलं असं समजा. मॅट आणि डांबरी लेप काढा, टोच्याने दाबत दाबत जा. ठण्ण वाजलं तर पत्रा जिवंत आहे. टोचा आत रुतला तर तिथे भोक आधीच आहे, फक्त रंगाने झाकलंय. आमच्या गाडीच्या डाव्या सिलमध्ये पूर्वी कुणीतरी गंजावरच बोटभर लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला होता. लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा; जिथे चिकटत नाही तिथे खाली लांबी आहे.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून, फॉस्फरिक ॲसिडवालं गंजरोधक लावून, प्रायमर मारून घरी थांबवता येतो. सिल कापायची वेळ आली तर चांगला डेंटर बोलवा, आणि कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी टाकून घ्यायला सांगा. तसं केलं नाही तर पेटी मधोमध बसते आणि दार पुन्हा कधी नीट लागत नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा, पेट्रोलची टाकी गाडीतून उतरवून लांब ठेवा. टाकीलाच भोक असेल तर घरी वेल्डिंग करायचं नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक असते.

ब्रेक: इथे काटकसर नको

चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि पेडलचा दाब ऑइलमधून चाकांपर्यंत पोचवणारा मास्टर सिलिंडर एकच. म्हणजे एका चाकाचं रबर फाटलं की चारही ब्रेक गेले. उभ्या गाडीत हे रबर हमखास कडक होतं, आणि ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून सिलिंडर आतून गंजवतं. म्हणून मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर सगळे उघडा. आतली भिंत बोटाने चाचपा. खड्डे लागले तर नुसतं रबरांचं किट टाकून भागत नाही, सिलिंडरच नवा घ्या. रबरी होज तिन्ही-चारी बदला, बाहेरून चांगले दिसले तरी. आतून सुजलेला होज ब्रेक सोडल्यावरही चाक धरून ठेवतो. ड्रममधली धूळ फुंकरीने किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये (ड्रमला घासणाऱ्या अस्तरात) ॲसबेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं बांधून टाकून द्या. ड्रमला खाचा असतील तर लेथवर फिरवून घ्या.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा (एअर) काढताना दोन माणसं लागतात: एक पेडलवर, एक निपलवर, म्हणजे चाकामागच्या हवा सोडायच्या स्क्रूवर. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून सुरुवात, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. निपलला लावलेली नळी ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवा, आणि मधे मधे मास्टर सिलिंडरला ऑइल पुरवणारी वरची बाटली भरत राहा. ती एकदा रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून. पेडल दगडासारखं टणक लागलं पाहिजे; स्पंजासारखं लागलं तर आत हवा आहे. आमच्याकडे पेडलवर वडील बसायचे. त्यांना सत्तरीत गाडीखाली जाता येत नव्हतं, पण पेडलच्या दाबावरून कुठल्या चाकात हवा राहिली हे ते बरोबर सांगायचे.

इंजिन जागं करणं

वर्षानुवर्षं बंद इंजिनाला थेट सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस थांबा. मग चौथा गिअर टाकून गाडी हळूच मागेपुढे ढकला. फिरलं तर उत्तम. अडलं तर जोर करू नका, पुन्हा ऑइल सोडून थांबा. जोराने पिस्टनची रिंग तुटते, आणि मग बोअरिंगचा (सिलिंडर आतून कोरण्याचा) खर्च येतो. इंजिन मोकळं झाल्यावर जुनं ऑइल काढून नवीन भरा, आणि प्लग न लावताच ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, गेजने मोजा. सगळे प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, प्रत्येक सिलिंडरला चार-पाच फेरे. आकडा किती आला यापेक्षा चारही जवळपास सारखे आहेत का हे महत्त्वाचं. एखादा खूप कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. वाढला तर रिंग झिजल्या. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह गळतोय. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅस्केट. या दहा मिनिटांच्या तपासणीमुळे विनाकारण इंजिन उघडणं वाचतं.

पेट्रोलकडे आज वेगळं लक्ष द्यावं लागतं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि जुनी रबरं त्यासाठी बनलेली नाहीत. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, पंपाचा डायफ्राम बदला. इथेनॉल ओल धरतं, म्हणून गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका.

ट्यूनिंग: एका वेळी एकच गोष्ट

गाडी मिस मारते म्हटलं की हात आधी कार्बोरेटरकडे जातो. तो आवरा. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा ठिणगीचा निघतो आणि खापर पेट्रोलवर फुटतं. क्रम असा ठेवा: टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट), पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीसाठी उघड-मिट करणारे संपर्क), टायमिंग (ठिणगी पडण्याचा क्षण), आणि शेवटी कार्बोरेटर. आधीचं बदललं की पुढचं बिघडतं, म्हणून उलट जाता येत नाही.

टॅपेट थंड इंजिनावर. फायरिंग, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह झुलत असतील, म्हणजे एक मिटत आणि दुसरा उघडत असेल, तेव्हा पहिल्याचे दोन्ही सेट करा. दुसऱ्याचे झुलताना तिसऱ्याचे, पहिल्याचे झुलताना चौथ्याचे, तिसऱ्याचे झुलताना दुसऱ्याचे. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) ओढताना किंचित अडखळलं पाहिजे. गॅपचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या, शेजारच्या मेकॅनिकच्या आठवणीतून नको. जरा वाजणारा टॅपेट चालतो, घट्ट टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो.

पॉइंट जळून खडबडीत झाले असतील तर नवे टाका, कंडेन्सरसकट. हॅण्डलने इंजिन फिरवून पॉइंट पूर्ण उघडे करा आणि गॅप ०.४ ते ०.५ मिमीच्या दरम्यान, मॅन्युअलप्रमाणे, ठेवा. प्लगला साधारण ०.६ मिमी. टायमिंगसाठी स्ट्रोब लाइट नसेल तर १२ व्होल्टचा साधा बल्ब पुरतो. पहिल्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात पुलीची खूण मॅन्युअलमधल्या अंशावर आणा. बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. चावी चालू करा, डिस्ट्रिब्युटर सैल करून आधी बल्ब विझेपर्यंत रोटरच्या दिशेने फिरवा, मग उलट दिशेने अगदी सावकाश. ज्या क्षणी बल्ब पेटतो तिथे पॉइंट उघडले. तिथेच कसा. चावी उगाच चालू ठेवू नका, कॉइल तापते.

आता कार्बोरेटर. बाऊल (पेट्रोल साठायची वाटी) उघडून तळाचा गाळ काढा, जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) काढून हवेने फुंका. जेटमध्ये तार घालू नका. पितळेचं भोक केसभर मोठं झालं तरी मायलेज कायमचं बिघडतं. इंजिन पूर्ण गरम करा, चोक लावलेला नको. मिक्श्चरचा स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत घेऊन दीड फेरा बाहेर काढा. मग थोडं आत, थोडं बाहेर करत इंजिनाचा आवाज सगळ्यात वर आणि सगळ्यात सलग कुठे लागतो ते ऐका. वेग वाढला असेल तर स्लोच्या स्क्रूने खाली आणा, आणि मिक्श्चर पुन्हा एकदा तपासा. वीस किलोमीटर चालवून प्लग बघा. बिस्किटाचा रंग म्हणजे जमलं, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी.

मे महिन्याच्या दुपारी चढावर गाडी अचानक बंद पडली आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली तर ट्यूनिंगला हात लावू नका. पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर ओलं फडकं ठेवा. आणि पंखा, थर्मोस्टॅट, रेडिएटर यांची नीट तपासणी करा, कारण ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापून वाकलं की गॅस्केट टिकत नाही. रेडिएटरमध्ये नुसतं नळाचं पाणी नको, कूलंट घाला.

रंग

डिकीच्या मॅटखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे मूळ रंग सापडतो, तोच द्या. घासणं, लांबी, प्रायमर घरी करता येतं आणि करावं, कारण तेवढी चिकाटी पैसे देऊन मिळत नाही. शेवटचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मात्र बूथमध्येच मारून घ्या. त्याच्या फवाऱ्यातला आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचा त्रास देतो, आणि कापडी मास्क त्याला अडवत नाही. रंगानंतर काचांची बिडिंग (कडेची रबरी पट्टी) नवीनच घाला. जुन्या बिडिंगमधून झिरपलेल्या पाण्यानेच आमची फर्शी गेली होती.

पहिली फेरी

टायरवरचा चार आकडी शिक्का बघा: पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी अकरा वर्षं उभा टायर रस्त्यावर न्यायचा नाही. गाडीत अग्निशामक ठेवा. पहिल्या दिवशी घराभोवती पाच किलोमीटर, परत येऊन चाकांना हात लावून बघा; एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तो ब्रेक धरतोय. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी कुठे काय ठिबकलं ते खडूने इंजिनावर खूण करा. ५०० किलोमीटर झाले की ऑइल बदला, टॅपेट आणि पॉइंटचा गॅप पुन्हा मोजा, आणि ब्रेकच्या बाटलीतली पातळी पहिल्या दिवसाच्या खुणेशी ताडून बघा.