पोटदुखीची नोंद कशी ठेवावी आणि रुग्णालय केव्हा गाठावे

पोट दुखू लागले की सातारा-सांगलीकडील बहुतेक घरांत 'पित्त झाले असेल' असे म्हणून ओवा खाल्ला जातो आणि रात्र काढली जाते. पुष्कळदा त्याने निभावतेही. तरी दुखण्याला नाव देण्याआधी ते कोठे सुरू झाले, कोठे सरकले आणि त्याच्या जोडीला ताप, उलटी, घाम यांपैकी काय आले, हे वेळेसह लिहून ठेवावे, कारण निदानाची दिशा बव्हंशी त्यावरूनच ठरते.

बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली स्थिरावणारे आणि खोकताना वाढणारे दुखणे अपेंडिक्सचे असू शकते. अशा वेळी 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळून घेऊ नये आणि जुलाबाचे औषधही घेऊ नये. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठणारी कळ बहुधा पित्ताशयातील खड्यांची, तर कमरेतून जांघेकडे उतरणारी व माणसाला स्वस्थ बसू न देणारी कळ मुतखड्याची असते. मधुमेही किंवा उतारवयातील व्यक्तीला छातीखाली जळजळ, घाम आणि धाप एकत्र आल्यास आधी ईसीजी काढावा, कारण हृदयविकाराचा झटकाही पित्तासारखाच भासतो.

ऊसतोडीच्या खोपीत किंवा वस्तीवर जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात कळा येऊन उठला आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, बोलणे अडखळू लागले, तर मण्यार चावल्याचा संशय घ्यावा. हा दंश बहुधा दुखत नाही आणि त्याची खूणही अनेकदा सापडत नाही, म्हणून ती शोधण्यात वेळ न दवडता १०८ ला फोन करून प्रतिविष आणि व्हेंटिलेटर असलेले रुग्णालय गाठावे.

त्या मानाने विरळ, पण माण, आटपाडी, जत अशा मेंढ्या पाळणाऱ्या भागांत ध्यानात ठेवावा असा आजार म्हणजे यकृतातील हायडॅटिड गाठ, म्हणजे फीतकृमीमुळे होणारी पाण्याने भरलेली गाठ. कुत्र्याच्या विष्ठेतील फीतकृमीची अंडी हातावाटे किंवा न धुतलेल्या भाजीवाटे पोटात जातात, आणि गाठ वर्षानुवर्षे न दुखता वाढत राहते. सोनोग्राफीत ती आढळल्यास तज्ज्ञाच्या तयारीशिवाय तिच्यात सुई घालू देऊ नये. आतले पाणी सांडल्यास प्राणघातक ॲलर्जी होऊ शकते. कापलेल्या जनावराचे कच्चे काळीज कुत्र्यांना घालू नये आणि त्यांना नियमित जंताचे औषध द्यावे.

पोट फळीसारखे कडक होणे, रक्ताची किंवा हिरवी उलटी, शौच आणि वायू दोन्ही बंद होणे, पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात अचानक दुखणे, यांपैकी काहीही असल्यास सकाळची वाट पाहू नये. काळी, चिकट शौच हीदेखील रक्तस्रावाची खूण असते, मात्र लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, हे डॉक्टरांना सांगावे. निघताना रुग्णाला काही खाऊ-पिऊ घालू नये, कारण शस्त्रक्रिया करावी लागू शकते, आणि चालू गोळ्यांची पाकिटे, विशेषतः सांधेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामकांची, सोबत न्यावीत.