हेल्थ गोल दर वेळी मध्येच का मोडतो? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काट्यावरच्या आकड्यालाच गोल बनवणं. "दिवाळीपर्यंत 10 किलो उतरवणार" असं ठरवतो, पण काटा आपल्या हातात नसतो हो, चालणं असतं. रात्री शीत-हुमणासोबत (भात आणि माशाची आमटी) खारा मासा, वर लोणचं असं जेवण झालं की मिठामुळे अंगात पाणी धरतं आणि सकाळी वजन किलोभर वर दिसतं, चरबी वाढलेली नसतेच, पण माणूस खचतो आणि दोन दिवसांत सगळं सोडून देतो. वजन रोज करूच नका, आठवड्यातून एकदा, सकाळी काही खायच्या आधी केलं तरी पुरे. रोज लिहायचं ते आपण काय केलं ते.

त्याला ॲपच पाहिजे असं काही नाही. गॅस सिलिंडर कधी लावला ते आपण ज्या कालनिर्णयवर लिहितो ना, त्याच चौकोनात "चाल 25, झोप 6, मन 3" एवढं लिहा. चाल मिनिटांत, झोप तासांत, आणि मन म्हणजे 1 ते 5 मध्ये आज कसं वाटलं ते. महिनाभराने पान बघितलं की कमी झोपेनंतर मन 2 वर जातं का, चाललो त्या दिवशी चिडचिड कमी होते का, हे आपलं आपल्यालाच दिसतं आणि मला विचाराल तर यासारखं ट्रॅकिंग नाही.

10,000 पावलांच्या मागे धावणं सोडा. तो आकडा 1960 च्या दशकात जपानमधल्या एका पेडोमीटरच्या, म्हणजे पावलं मोजायच्या यंत्राच्या, मार्केटिंगमधून आलाय. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंचा. आणि एकदम अर्धा तास मिळाला नाही तरी चालतं, बाजारातून भरभर चालत आलात ती 8 मिनिटंपण धरा.

आता आपल्या गोव्याचा खास प्रॉब्लेम. मिरामारच्या किनाऱ्यावर चालायचं असं मे महिन्यात ठरवलं तर जूनमध्ये ते बंद पडणारच, इतका पाऊस असतो की छत्रीपण टिकत नाही. मग चवथ म्हणजे गणेश चतुर्थी येते, पाहुणे, नेवऱ्या (करंज्या), रात्री उशिरापर्यंत आरत्या-भजनं. हे सगळं दर वर्षी येतं तरी आपण प्लॅनमध्ये धरत नाही! पावसाचा वेगळा गोल ठेवा, बाल्कांवात (घरासमोरच्या ओसरीत) फेऱ्या, जिना, घरात सूर्यनमस्कार, आणि चवथीच्या दिवसांत 10 मिनिटं झाली तरी खूप. नेवऱ्या खा, मन मारू नका.

खाडा पडला की "आता सोमवारपासून" म्हणणं हीपण तशीच चूक. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या 2010 च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18 तर कुणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. तेव्हा शेजाऱ्याचं महिन्यात जमलं म्हणून स्वतःला कोसू नका, उद्या परत चाला.

आणि कालनिर्णयवर दोन आठवडे मन 1-2 वरच अडकलं, झोप नाही, कशातच रस नाही, तर आणखी गोल लावून घेऊ नका प्लीज. डॉक्टरकडे जा, बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावा, फुकट आहे आणि 24 तास चालू असतो.