विंडोज न काढता लिनक्स चालवायचंय? आधी सॉफ्टवेअर नीट निवडा

माझ्या भाच्याला कॉलेजसाठी लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, हवं होतं. घरात लॅपटॉप एकच आणि त्यावर त्याच्या वडिलांचे जीएसटीचे हिशेब. डिस्कचे भाग पाडून शेजारी लिनक्स टाकायचं, तर एका चुकीच्या क्लिकवर हिशेब गेले असते. अशा घरात विंडोजच्या आत, एका खिडकीत लिनक्स चालवणंच योग्य. बिघडलं तर तेवढं पुसायचं, विंडोजला धक्का लागत नाही.

१. डाउनलोडच्या आधी मशीन तपासा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू. आलेखाच्या खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ (एका मशीनमध्ये दुसरं मशीन चालवायची सोय) अशी ओळ दिसते. तिथे ‘एनेबल्ड’ असेल तर पुढे चला. ‘डिसेबल्ड’ असेल तर बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन ते चालू करावं लागतं : इंटेलच्या मशीनवर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ किंवा ‘व्हीटी-एक्स’, एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’. बायॉसला हात लावण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की जवळ आहे ना, हे बघाच. बदलानंतर विंडोज ती मागू शकतं.

तिथेच मेमरीही पाहा. भाच्याच्या लॅपटॉपवर ८ जीबी रॅम होती. मी आधी लिनक्सला ६ जीबी दिली. लिनक्स सुरू झालं, पण विंडोजचा जीव गुदमरला, माऊससुद्धा अडकत चालला. मग ३ जीबी दिली आणि उबुंटू या लिनक्सऐवजी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली. दोघांचंही नीट चाललं. निम्म्यापेक्षा जास्त रॅम कधीच देऊ नका.

२. लिनक्स कशासाठी हवंय ते ठरवा

नुसत्या कमांड शिकायच्या असतील, पायथन किंवा सी लिहायचं असेल, तर वेगळं सॉफ्टवेअर शोधूच नका. मायक्रोसॉफ्टचं डब्ल्यूएसएल २, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, पुरतं. विंडोज ११ वर आणि विंडोज १० च्या २००४ व त्यापुढच्या आवृत्त्यांवर ते चालतं, होम आवृत्तीवरही. पॉवरशेल (विंडोजची कमांड लिहायची खिडकी) अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. इंग्रजी अक्षरांत डब्ल्यूएसएल लिहा, एक जागा सोडा, मग दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडून इन्स्टॉल. मशीन रीस्टार्ट केलं की उबुंटू युजरनेम आणि पासवर्ड विचारतं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर एक ठिपकाही उमटत नाही. नवखी मुलं इथे घाबरतात, पण ते तसंच असतं. फाइली लिनक्सच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा, सी ड्राइव्हवरून उघडल्या तर काम रेंगाळतं.

मेनू, सेटिंग्ज, फाइल मॅनेजर असा पूर्ण डेस्कटॉप बघायचा असेल, तर माझं पहिलं मत व्हर्च्युअलबॉक्सला. विंडोजच्या आत दुसरं मशीन चालवणारं हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. नवीन मशीन तयार करताना डिस्क २५ जीबी द्या, पण ‘डायनॅमिक’ ठेवा, म्हणजे वापराल तेवढीच जागा अडेल. लिनक्स बसल्यावर गेस्ट अ‍ॅडिशन्स टाकायला विसरू नका. त्याशिवाय खिडकी छोटीशीच राहते आणि कॉपी-पेस्ट इकडून तिकडे होत नाही. व्हर्च्युअलबॉक्सचा एक्स्टेन्शन पॅक (जादा सोयींची जोड) मात्र घरच्या वापराला आणि शिक्षणालाच मोफत आहे; ऑफिसात परवाना लागतो.

त्याच कामाचं व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो पूर्वी विकत घ्यावं लागे. नोव्हेंबर २०२४ पासून ते सगळ्यांना, ऑफिसलाही मोफत आहे. ग्राफिक्स मला त्यातच जास्त सफाईदार वाटतात. डाउनलोडसाठी त्याच्या मालक कंपनीच्या, ब्रॉडकॉमच्या, साइटवर खातं काढावं लागतं, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

मायक्रोसॉफ्टचं तसलंच हायपर-व्ही विंडोजच्या प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांतच मिळतं. सर्व्हर चालवायला ते उत्तम, पण घरी शिकणाऱ्याने त्याच्या मागे लागू नये.

३. कासव दिसलं तर

व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स फारच मंद चालत असेल, तर खिडकीच्या खालच्या पट्टीत बघा. तिथे हिरवं कासव दिसलं, तर विंडोजच्या हायपर-व्हीचा गाभा (तो होम आवृत्तीतही असतो) आतून चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतंय. डब्ल्यूएसएल २ किंवा विंडोज सिक्युरिटीतलं ‘मेमरी इंटेग्रिटी’ हे संरक्षण चालू असलं की असं होतं. ज्या मशीनवर बँकेची कामं होतात, तिथे वेगासाठी मेमरी इंटेग्रिटी बंद करू नका. म्हणूनच मी सांगतो, डब्ल्यूएसएल आणि व्हर्च्युअलबॉक्स यांपैकी सुरुवातीला एकच घ्या.

४. पहिल्याच दिवशी स्नॅपशॉट

लिनक्स बसलं, अपडेट झालं, की व्हर्च्युअलबॉक्समध्ये लगेच स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घ्या आणि त्याला ‘कोरं’ असं नाव द्या. मग हवं ते मोडा, दोन मिनिटांत परत त्याच जागी येता येतं. मराठीत लिहायचं असेल तर कीबोर्ड लिनक्सच्या सेटिंग्जमध्ये वेगळा जोडा; विंडोजमधला मराठी कीबोर्ड आत पोचत नाही. भाच्याने इनस्क्रिप्ट जोडला आणि टेक्स्ट एडिटरमध्ये पहिलं काय लिहिलं, तर आजीचं नाव.